चढाला गाडी मिस मारतेय? इग्निशन कॉइल घरी तपासून बदलण्याची पद्धत

सपाट रस्त्याला गाडी ठीक चालते आणि साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट लागला की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये झटके मारायला लागते. यालाच ‘मिस मारणं’ म्हणतात: एखाद्या सिलिंडरमध्ये मधूनमधून जळण होतच नाही. ॲक्सिलरेटर दाबला की अडखळते, सोडला की पुन्हा बरी. पावसाळ्यात कासच्या रस्त्याला हाच त्रास जास्त. उभी असताना स्टिअरिंग थरथरतं, पिकअप जातो, ॲव्हरेज उतरतं आणि एक दिवस डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. दहा-बारा वर्षं झालेल्या पेट्रोल गाडीत अशी लक्षणं दिसली, की पहिला संशय इग्निशनवर घ्यायचा. म्हणजे प्लग, कॉइल आणि त्या दोघांना जोडणारा रबरी बूट.

हे काम घरी होण्यासारखं आहे. कॉइल बदलायला साधारण अर्धा तास पुरतो. वेळ द्यायचा तो कुठली कॉइल गेलीय आणि ती का गेली हे शोधायला. स्पेअरच्या दुकानात काउंटरवर ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असते आणि ती पाळली जाते. अंदाजाने कॉइल आणली आणि दोष प्लगमध्ये निघाला, तर पैसे गेले. म्हणून या लेखाचा निम्मा भाग पाना हातात घेण्याआधीचा आहे. तो वगळून थेट खोलाखोलीकडे जाऊ नका.

माझी गाडी २०११ची पेट्रोल स्विफ्ट आहे. तिच्यात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते, म्हणून खालचे टप्पे मुख्यतः तशा इंजिनाला धरून आहेत. बाकी गाड्यांत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

कॉइल काय करते आणि चढालाच का हरते

बॅटरी देते १२ व्होल्ट. प्लगच्या टोकाशी असलेल्या जेमतेम मिलिमीटरभर फटीतून ठिणगी उडवायला लागतात हजारो व्होल्ट. मधलं काम कॉइलचं. तिच्या आत लोखंडी गाभ्याभोवती दोन वाइंडिंग असतात. एक जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, हजारो वेढ्यांचं. जाड वाइंडिंगमधून करंट जात असतो. तो ऐन वेळी एकदम तोडला, की गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र नाहीसं होतं आणि बारीक वाइंडिंगमध्ये साधारण २० ते ४० हजार व्होल्ट तयार होतात. इंजिन ३,००० आरपीएमवर फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला २५ वेळा घडतं.

गाडी रिकामी, रस्ता सपाट, पाय हलका असला की सिलिंडरमधला दाब कमी असतो. थोड्या व्होल्टेजवरही ठिणगी पडते. चढाला ॲक्सिलरेटर दाबला, की सिलिंडरमध्ये भरपूर हवा शिरते, दाब वाढतो आणि त्याच फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल अशक्त असेल तर ती इथे कमी पडते. बूटला चीर गेली असेल तर करंट प्लगपर्यंत जाण्याऐवजी चिरेतून बाजूच्या धातूत उतरतो. दमट हवेत ही गळती आणखी सोपी होते. म्हणून पुण्याहून येताना खंबाटकीचा जुना घाट चढताना, आणि त्यातही पावसात, आजवर दबलेला दोष उघडा पडतो.

कॉइल मरते ती बहुतेक वेळा तीन-चार ठरलेल्या कारणांनी. इंजिनाची उष्णता रोज खाऊन आतलं इन्सुलेशन तडकतं, हे वयाचं दुखणं. पण त्याला घाई होते ती झिजलेल्या प्लगमुळे. प्लगची टोकं झिजून फट वाढली, की प्रत्येक ठिणगीला कॉइलला जादा जोर लावावा लागतो. प्लग वेळेत बदलायचा कंटाळा कॉइलच्या खर्चाने भरून निघतो. तिसरं कारण ऑइल. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग किंवा प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या होलभोवतीचं सील गळायला लागलं, की ऑइल होलमध्ये साचतं आणि बूटचा रबर फुगून मऊ पडतो. चौथं कारण पाणी, त्याबद्दल पुढे बोलू. गाडी सीएनजीवर असेल तर एक लक्षात ठेवा: सीएनजीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. पेट्रोलवर छान आणि सीएनजीवर मिस, अशी गाडी दिसली तर किटला दोष देण्याआधी प्लग आणि कॉइल बघा.

तुमच्या गाडीत कुठली रचना आहे

बोनेट उघडा. इंजिनाच्या माथ्यावर, टॅपेट कव्हरमध्ये, एका रांगेत तीन किंवा चार काळ्या डब्या दिसल्या, प्रत्येकीला कनेक्टर आणि एक बोल्ट असला, तर प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे. काही गाड्यांत त्या प्लास्टिकच्या कव्हरखाली किंवा एअर फिल्टरच्या डब्याखाली लपलेल्या असतात. होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनाला एका सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एकूण आठ प्लग आणि आठ कॉइल. त्यातल्या निम्म्या मागच्या बाजूला असतात, त्यामुळे हात पोचवायला वेळ धरून चला.

दुसरी रचना म्हणजे चार सिलिंडरना दोन कॉइल. एक कॉइल १ आणि ४ नंबरला, दुसरी २ आणि ३ नंबरला ठिणगी देते. इथे प्लगपर्यंत जाड वायरी आलेल्या दिसतात. अशा गाडीत एकाच वेळी दोन सिलिंडर सुटले, म्हणजे मिस मारायला लागले, आणि ते याच जोडीतले असले, तर कॉइलवरचा संशय पक्का. एकच सिलिंडर सुटला असेल तर आधी त्याची वायर आणि प्लग बघायचा.

तिसरी रचना जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८००ची किंवा पद्मिनीची: एकच कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर. इथे कॉइल सगळ्यात शेवटी. आधी डिस्ट्रिब्युटरचं कॅप काढून आतले पॉइंट, रोटर आणि मधला कार्बन तपासायचा. कॉइल बदलावी लागलीच, तर जुनीच्याच जातीची घ्या. काही गाड्यांत कॉइलच्या वाटेत एक रेझिस्टर असतो आणि त्या कॉइलचा रेझिस्टन्स कमी असतो. ती बिनरेझिस्टरच्या गाडीला लावली तर तापून जाते. प्लस-मायनसच्या वायरी सोडण्याआधी खूण करून ठेवा.

दोषी सिलिंडर शोधणं

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारं यंत्र, असला तर हे काम सोपं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा ब्लूटूथ ॲडॅप्टर आणि मोबाइलवरचं ॲप एवढंही पुरतं. कोड वाचा आणि लिहून ठेवा. बॅटरीची वायर काढली की काही गाड्यांतले कोड पुसले जातात, म्हणून हे काम सगळ्यात आधी. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिस, पी०३०२ म्हणजे दुसरा, असे पी०३०४पर्यंत. पी०३०० म्हणजे मिस होतंय, पण एका ठरावीक सिलिंडरला नाही. पी०३५१ ते पी०३५४ हे कोड कॉइलच्या सर्किटचे. त्यात कॉइलबरोबर तिचा कनेक्टर आणि वायरही आली. सिलिंडर मोजायचे ते बहुतेक आडव्या इंजिनांत बेल्टच्या बाजूने. तरी मॅन्युअलमध्ये एकदा खात्री करून घ्या.

समजा कोड आला पी०३०३. तरी लगेच दुकान गाठायचं नाही. कोड एवढंच सांगतो की तिसऱ्या सिलिंडरमध्ये जळण नीट होत नाही. कारण तो सांगत नाही. आता अदलाबदल करायची. थंड इंजिनावर तिसऱ्याची कॉइल पहिल्याला आणि पहिल्याची तिसऱ्याला लावा. बाकी कशालाही हात लावू नका. कोड पुसा आणि गाडी थोडी चालवून आणा, शक्यतो एखाद्या चढाला. आता पी०३०१ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला. ती कॉइल गेली. पुन्हा पी०३०३च आला तर कॉइल चांगली आहे. मग तसेच प्लग अदलाबदल करून बघा. तरीही दोष तिसऱ्यालाच चिकटून राहिला, तर तो इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा), वायरिंगचा किंवा कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधल्या दाबाचा) असणार. या एका परीक्षेला काहीही खर्च नाही. गॅरेजमध्ये कुणी सगळ्या कॉइल बदलायला सांगत असेल, तर ही अदलाबदल आधी करून बघा म्हणून नम्रपणे पण ठामपणे सांगा.

स्कॅनर नसेल तर कानाने आणि हाताने शोधता येतं. इंजिन बंद करा, एका कॉइलचा कनेक्टर काढा, इंजिन चालू करून काही सेकंद ऐका, बंद करा, कनेक्टर परत लावा. मग पुढची कॉइल. चांगल्या सिलिंडरचा कनेक्टर काढला की इंजिन आणखी लंगडं होतं. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो आधीपासून मेलेला. प्रत्येक वेळी इंजिन काही सेकंदच चालवा, कारण त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल येतच असतं आणि ते न जळता सायलेन्सरकडे जातं.

चालू इंजिनावर कॉइल उपसणं किंवा कॉइल हवेत धरून ठिणगी बघणं, दोन्ही करू नका. पूर्वी फिटर असं करायचे. आजच्या कॉइलचं व्होल्टेज माणसाला जोरदार झटका देतं आणि ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल स्वतःच आतून फुटते. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी बोनेट उघडून चालू इंजिनाजवळ उभं राहू नये. ओढणी, मफलर, सैल बाह्या बेल्ट-पंख्यापासून लांब.

मल्टिमीटरबद्दल बरेच जण विचारतात. दोन पिनांच्या कॉइलचं जाड वाइंडिंग मीटरने मोजता येतं, ते एखाद-दुसऱ्या ओमच्या आसपास असतं. बारीक वाइंडिंग काही हजार ओम. तीन किंवा चार पिनांच्या कॉइलमध्ये आतच इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, तिथे मीटरच्या आकड्यावर विसंबू नये. शिवाय थंड असताना बरोबर आकडा देणारी कॉइल तापल्यावर दगा देऊ शकते. माझ्या मते अदलाबदलीची परीक्षा मीटरपेक्षा कितीतरी भरवशाची.

दिव्याचंही ऐका. पिवळा दिवा स्थिर असेल तर हळूहळू घरी जाता येईल. तो लुकलुकत असेल तर मिस एवढं जास्त आहे की कच्चं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. कन्व्हर्टर तापून आतली जाळी वितळू शकते, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग. दिवा लुकलुकत असताना घाट चढू नका. बाजूला घ्या आणि टोइंग बोलवा.

पाण्याची गोष्ट

एक प्रसंग सांगतो, कारण साताऱ्यात हा वारंवार घडतो. शेजारच्या काकांनी गाडी वॉशिंगला दिली, इंजिनावरही प्रेशरने पाणी मारून घेतलं. दुसऱ्या दिवशी गाडी थडथडायला लागली. एका गॅरेजमध्ये त्यांना चारही कॉइल बदलायला सांगितलं. कॉइल काढून पाहिल्या तर तिसऱ्या होलमध्ये बोटाच्या एका पेराएवढं पाणी होतं आणि बूट ओला. पाणी टिपून घेतलं, होल आणि बूट वाळवले, पुन्हा बसवलं, गाडी चालू झाली. तीच कॉइल अजून चालतेय. इंजिन धुतल्यानंतर किंवा धो-धो पावसानंतर लगेच मिस सुरू झालं, तर दुकानात जाण्याआधी होलमध्ये डोकावा. आणि इंजिनावर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसलेलं इंजिन पुरेसं स्वच्छ असतं.

काय आणायचं

१० मिमीची गोटी, रॅचेट, लांब एक्स्टेंशन. प्लगची गोटी: बऱ्याच गाड्यांना १६ मिमी, जुन्यांना २१ मिमी. तिच्या आत रबर किंवा मॅग्नेट हवा, नाहीतर सुटलेला प्लग खोल होलमध्येच राहतो. किती जोराने आवळलं ते दाखवणारा टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. फट मोजायच्या पट्ट्यांचं फिलर गेज, जुनी सुती फडकी, एक लांब स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, पायाने हवा भरायचा पंप, पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा आणि सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस. साधं ग्रीस वापरू नका, त्याने रबर फुगतो.

नवी कॉइल आणायला जाताना जुनी काढून सोबत न्या आणि आरसीवरचा चासी नंबर सांगा. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत कनेक्टर बदललेला असतो. काउंटरवरच दोन्ही शेजारी ठेवून पिनांची संख्या, बूटची लांबी आणि बोल्टच्या भोकाची जागा जुळवा. कंपनीचा मूळ माल किंवा नावाजलेल्या उत्पादकाचाच घ्या. कॉइल आणि प्लगच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि सीलबंद खोका, होलोग्राम, बिल या तीन गोष्टींवर अडून बसायला लाजू नका.

एक गेली तर सगळ्या बदलायच्या का? माझं मत असं: कॉइल एकच बदला, प्लग मात्र सगळे. एक कॉइल जास्तीची घेऊन डिक्कीत ठेवा, सोबत १० मिमीचा पाना. थोड्याच दिवसांत दुसरीही गेली, तर उरलेल्या सगळ्या एकदम बदलणं शहाणपणाचं. अपवाद आय-डीएसआयसारख्या गाडीचा. तिथे मागच्या रांगेपर्यंत पोचायचीच मेहनत मोठी, म्हणून एकदा खोललंच आहे तर म्हाताऱ्या झालेल्या सगळ्या काढलेल्या बऱ्या.

प्रत्यक्ष काम

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. रात्री लावलेली गाडी सकाळी घ्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे सोलून निघतात, आणि हेडचे आटे गेले की काम घरचं राहत नाही. पावसाळ्यात हे उघड्यावर करू नका. आमच्याकडची भुरभुर दिसत नाही, पण होलमध्ये उतरते. पार्किंगच्या छताखाली करा.

चावी काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून बाजूला बांधून ठेवा. कव्हर किंवा एअर फिल्टरचा डबा काढण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो घ्या. टॅपेट कव्हरवरून फिल्टरकडे जाणारा ब्रीदरचा रबरी पाइप जुन्या गाडीत कडक झालेला असतो; ओढू नका, क्लिप सरकवून हलके फिरवत काढा. तो फाटला तर आयडलिंग बिघडतं आणि तुम्ही नव्या कॉइलला दोष देत बसाल.

आता कनेक्टर. नवशिक्यांचा हात इथेच चुकतो. उष्णतेने प्लास्टिकचं लॉक ठिसूळ झालेलं असतं. आधी कनेक्टर किंचित आत ढकला, म्हणजे लॉकवरचा ताण सुटतो. मग लॉक अंगठ्याने दाबा आणि दाबलेलं ठेवूनच कनेक्टर मागे ओढा. वायर धरून ओढायचं नाही. काही गाड्यांत लॉकवर आणखी एक रंगीत सरकपट्टी असते, ती आधी मागे घ्या. लॉक मोडलंच तर छोट्या केबल टायने कनेक्टर पक्का बांधता येतो.

बोल्ट काढा. कॉइल सरळ उपसू नका. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बूट प्लगला चिकटलेला असतो. कॉइल आधी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे फिरवा. चिकटलेला रबर सुटल्याचं हाताला कळतं. मग फिरवत फिरवत सरळ वर काढा. तिरकी ओढली तर बूट तुटून खाली राहतो. राहिलाच तर लांब नाकाच्या पकडीने काढा. एका वेळी एकच कॉइल काढायची, तिचं काम संपवून बसवायची आणि मग पुढची. वायरी असलेल्या गाडीत तर हा नियम मोडूच नका, वायरींची अदलाबदल झाली की गाडी चालू होत नाही किंवा फटाके फोडते.

काढलेल्या कॉइलचा बूट उजेडात धरा, रबर बोटांनी हलकेच वाकवा. चीर असेल तर वाकवल्यावर उघडते. त्याच्या आतल्या बाजूला किंवा प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर वरून खाली उतरलेली पेन्सिलीसारखी करडी बारीक रेघ दिसली, तर तो करंट गळल्याचा माग. फडक्याने पुसून ती जात नाही. अशी रेघ असलेला बूट आणि प्लग दोन्ही बदलायचे. एकच बदलला तर जुना नव्यालाही खराब करतो. पोर्सिलेनच्या बुडाशी, लोखंडी षटकोनाला लागून, तपकिरी पट्टा मात्र चांगल्या प्लगवरही येतो. तो दोष नव्हे, त्यावरून प्लग फेकू नका.

टॉर्च मारून होलमध्ये बघा. तळाशी माती, वाळूचे कण असतात. आमच्या रस्त्यांची धूळ बोनेटखाली सगळीकडे पोचते. प्लग काढण्याआधी पंपाने तिथे जोरात हवा मारा, डोळे बाजूला करून. प्लग निघाल्यावर हाच कचरा थेट सिलिंडरमध्ये पडतो. ऑइल असेल तर स्क्रूड्रायव्हरला फडकं घट्ट गुंडाळून टिपून घ्या आणि मनाशी नोंद करा: टॅपेट कव्हर पॅकिंग आणि प्लगची सीलं बदलायला आलीत. ऑइल बुडाशी थोडं असेल तर आज काम पूर्ण करून पॅकिंग लवकर करून घ्या. होल अर्धं भरलेलं असेल तर नवी कॉइल आधी बसवू नका, ती त्याच ऑइलमध्ये बुडणार आहे.

प्लग सोडवताना पहिला जोर लागतो, नंतर तो हाताने फिरायला हवा. मध्येच अडकला तर पुढे जोर करू नका. थोडा परत आवळा, आट्यांवर भेदक ऑइल (जाम झालेले आटे सोडवणारं पातळ तेल) सोडा, वाट बघा, पुन्हा सोडवा. तरीही अडत असेल तर थांबा आणि गाडी गॅरेजला न्या.

निघालेला प्लग वाचता येतो. टोकाशी फिकट तपकिरी रंग असेल तर सिलिंडर निरोगी. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडतच नव्हती. कोरडी काळी काजळी म्हणजे जळण अर्धवट. तेलकट काळा म्हणजे ऑइल सिलिंडरमध्ये येतंय. पांढराफटक, भाजल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा प्लगचा नंबर चुकीचा आहे. चारही प्लग क्रमाने मांडून ठेवा आणि एकमेकांशी ताडून बघा. एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपुरता. सगळे सारखेच काळे असतील तर कॉइल बदलून काही सुधारणार नाही.

नव्या प्लगची फट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, बहुधा ०.८ ते १.१ मिमीच्या दरम्यान. फिलर गेजने तपासा. इरिडियम प्लगचं बारीक टोक मात्र वाकवायला जाऊ नका, ते तुटतं.

प्लग बसवताना पेट्रोल पाइपचा तुकडा कामाला येतो. प्लगचं वरचं टोक त्यात खुपसा, होलमध्ये उतरवा आणि पाइप बोटांनी फिरवा. आटे सरळ लागले तर प्लग सहज आत जातो. तिरके लागले तर पाइप प्लगवर घसरतो, जोर पोचतच नाही. रॅचेटला हे कळत नाही, तो तिरका प्लगही आत रेटतो. हाताने पूर्ण बसल्यावर गोटी लावा. टॉर्क पाना असेल तर १४ मिमी आट्यांच्या, वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ न्यूटन-मीटर. मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तो पाळा. टॉर्क पाना नसेल तर नवा प्लग टेकल्यानंतर अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत थांबा, वॉशर दबल्याचं कळतं. तोच जुना प्लग परत बसवत असाल तर टेकल्यावर अगदी किंचित, फेऱ्याचा बारावा भाग. नव्या प्लगच्या आट्यांना ग्रीस लावू नका. आटे घसरते झाले की त्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो.

बूटच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर फिरवा. आतल्या स्प्रिंगला लावायचं नाही. कॉइल सरळ खाली दाबा. प्लगच्या टोकावर बूट बसल्याचा हलका धक्का हाताला जाणवतो. तो जाणवला नाही तर बोल्ट आवळून कॉइल खाली ओढायचा प्रयत्न करू नका, काढून पुन्हा बसवा. बोल्ट आधी बोटांनी, मग पाना आखूड धरून बेताने, साधारण १० न्यूटन-मीटर. छोटा बोल्ट आहे, जास्त आवळला की टॅपेट कव्हरमधले आटे जातात. शेवटी कनेक्टर, ‘टक्’ आवाज येईपर्यंत. मागे हलकेच ओढून खात्री करा.

चालू करून बघणं

फिल्टर, पाइप, कव्हर परत बसवा. पाने, गोट्या, फडकी मोजून बाजूला घ्या. बॅटरी जोडा. पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलिंग थोडं वर-खाली झालं तर घाबरू नका. बॅटरी काढल्यामुळे इसीयूची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) आधीची नोंद गेलेली असते, थोडं चालवलं की ती बसते. घड्याळ पुन्हा लावावं लागेल. स्कॅनरने कोड पुसा. इंजिन गरम होईपर्यंत गावातल्या गावात फिरवा, मग चढाला न्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून सावकाश ॲक्सिलरेटर दाबा. अडखळली नाही, कोड परत आला नाही, की काम झालं.

वायरी असलेल्या गाडीत आणखी एक परीक्षा करता येते. रात्री, अंधारात, इंजिन चालू ठेवून बोनेट उघडा आणि हात लांब ठेवून नुसतं बघा. वायरींवर कुठे निळसर ठिणग्या चमकताना दिसल्या, तर त्या वायरचं इन्सुलेशन गेलंय.

तरीही मिस मारत असेल तर

कॉइल आणि प्लग नवे, तरी तोच सिलिंडर सुटतोय? आधी तुम्ही हात लावलेल्या गोष्टी पुन्हा बघा: अर्धवट बसलेला कनेक्टर, निसटलेला ब्रीदर पाइप. त्यानंतर त्या कॉइलच्या कनेक्टरची वायर. जुन्या गाडीत ती लॉकच्या तोंडाशीच आतून तुटलेली असते आणि उंदरांनी कुरतडलेलीही सापडते. मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशन मोजायचं गेज चांगल्या गॅरेजमध्ये असतं आणि त्याला फार वेळ लागत नाही. सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची बैठक झिजून टॅपेटचं अंतर कमी होतं, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि मिस दिसतं अगदी कॉइलसारखंच. फरक एवढाच, की ते बहुधा आयडलिंगला जास्त जाणवतं.

आणि एकाही सिलिंडरला ठिणगी नसेल, स्टार्टर फिरतोय पण गाडी चालूच होत नसेल, तर चारही कॉइल एकाच रात्रीत गेल्या असं समजू नका. तिथे फ्यूज, मेन रिले किंवा इंजिनाचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर यांचा शोध घ्यायचा असतो. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो, सुरुवात इग्निशनच्या फ्यूजपासून करा.